साखरेआधी आम्ल मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रकाठच्या थंड हवेत होणाऱ्या वाइनवरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. मराठीत या विषयावर फार कमी छापून येते, म्हणून आधी आभार. लेखातले प्रदेशांचे वर्णन छानच आहे, पण निर्मितीची बाजू ‘थंडीमुळे द्राक्षात साखर कमी भरते आणि ती वरून घालून भरून काढतात’ एवढ्यावर आटोपली आहे. साखर कमी पडणे हा तिथला सगळ्यात सोपा प्रश्न. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर घातली की अल्कोहोल १ टक्क्याने वाढते. जिथे कायदा परवानगी देतो तिथे हे काम अर्ध्या तासाचे आहे. कॅलिफोर्नियात तर अशी साखर घालायला बंदीच आहे, तरी तिथल्या किनाऱ्यालगत उत्तम वाइन होते. थंड किनाऱ्यावरच्या वाइनकाराचे डोके खाते ते आम्ल.

आधी थंडी कशी येते ते पाहू, कारण पुढचे सगळे तिथून ठरते. चिलीच्या किनाऱ्याला हम्बोल्ट प्रवाह, दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेला बेंग्वेला, कॅलिफोर्नियाला त्याच नावाचा प्रवाह. हे गार प्रवाह आणि तळातून वर येणारे थंड पाणी यांमुळे ऐन उन्हाळ्यातही समुद्र गारच असतो. आतला मुलूख दुपारी तापतो, तिथली हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा व धुके आत ओढले जाते. डोंगररांगेत जिथे खिंड असेल तिथून हा वारा घुसतो. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गॅपला २०१७ मध्ये स्वतंत्र द्राक्षप्रदेशाचा दर्जा मिळाला, तो प्रामुख्याने अशा वाऱ्याच्याच आधारावर. वारा ताशी १३ किलोमीटरच्या पुढे गेला की पानांची छिद्रे मिटू लागतात, पान अन्न बनवण्याचा वेग कमी करते आणि साखर सावकाश चढते. चिलीतल्या कासाब्लांका खोऱ्यात पाब्लो मोरांदे यांनी १९८२ मध्ये लागवड केली, तीही सकाळचे धुके आणि दुपारचा वारा यांच्या भरवशावर.

अशा जागांचे मोजमाप बहुतेक ठिकाणी ‘उष्णतामाना’ने करतात. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची, त्यातून १० वजा करायचे आणि हंगामभर बेरीज करायची. अमेरिन आणि विंकलर या संशोधकांनी १९४४ मध्ये बसवलेल्या वर्गवारीत सुमारे १३९० अंश-दिवसांपर्यंतचा प्रदेश पहिल्या, म्हणजे सगळ्यात थंड गटात येतो. पद्धत सोयीची आहे, पण तिच्यात एक खोट आहे. किनाऱ्यावरचा २० आणि १२ अंशांचा दिवस आणि आतल्या खोऱ्यातला २६ आणि ६ अंशांचा दिवस, दोन्हींची सरासरी १६. हिशेबात दोन्ही ६ अंश-दिवस. द्राक्षाला मात्र ते सारखे नसतात. मण्यात मुख्य आम्ले दोन: मॅलिक ऊन वाढेल तसे श्वसनात जळते, टार्टारिक जवळपास तसेच राहते. २६ अंशांच्या दुपारी जेवढे मॅलिक जळेल तेवढे २० अंशांच्या दुपारी जळत नाही. म्हणून किनाऱ्याच्या द्राक्षात काढणीच्या वेळीही लिटरला ४ ते ६ ग्रॅम मॅलिक शिल्लक असते, एखाद्या वाईट वर्षी त्याहून जास्त.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समुद्र जसा उन्हाळा गार ठेवतो तसा शरद ऋतू लांबवतो. आतल्या थंड प्रदेशात पहिले हिमतुषार पडले की पाने करपतात आणि हंगाम संपतो. किनाऱ्यावर वेलीला आणखी दोन-तीन आठवडे मिळू शकतात. सुगंध आणि साल पिकायला हा वेळ सोन्यासारखा. फक्त तेवढे दिवस घड कुजू न देता वेलीवर टिकले पाहिजेत.

तेव्हा बागेतले मुख्य काम हवा खेळती ठेवण्याचे. स्पेनच्या गॅलिसियातल्या रियास बाइशास भागात पाऊस एवढा की आल्बारिन्योच्या वेली ग्रॅनाइटच्या खांबांवरच्या उंच मांडवावर चढवतात, घड जमिनीच्या ओलीपासून दूर लटकतात आणि खालून वारा फिरतो. उभ्या तारांवरच्या बागेत हेच काम पानांच्या विरळणीने होते. घडांभोवतीची पाने सकाळचे ऊन येते त्या बाजूने काढावीत. दव लवकर वाळते आणि दुपारच्या उन्हात मणी भाजत नाहीत. ही विरळणी फळधारणेनंतर लगेच करावी. सोविन्यों ब्लां, काबर्ने अशा जातींत हिरव्या ढोबळी मिरचीचा जो वास येतो तो पायराझिन नावाच्या द्रव्यांचा, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेही ते नाकाला जाणवते. मण्यांत पाणी उतरण्याआधी (म्हणजे ते मऊ पडून पिकू लागण्याआधी) घडावर ऊन पडले तर ते कमी साठते. पाणी उतरल्यावर पाने काढून त्या बाबतीत फारसा उपयोग नाही, हे काम नेहमी महिनाभर उशिरा होते ही रड आहे.

फुलोऱ्यात गार वारा आणि पाऊस आला तर फळधारणा फसते. घड विरळ होतात, त्यात मोठ्या मण्यांबरोबर बिनबियांचे बारके मणी राहतात. उत्पादन घटते म्हणून बागायतदार हळहळतो, पण विरळ घडात कूज कमी शिरते. पिनो न्वार आणि शार्डने यांचे घड मुळात गच्च. आतला एक मणी फुटला की शेजारचे चार जातात. भुरी आणि केवडा या बुरशीरोगांवरच्या फवारणीचे वेळापत्रक नेहमीसारखेच. केवड्यासाठी फुटवे १० सेंटिमीटर, पाऊस १० मिलिमीटर आणि तापमान १० अंश हा जुना तिहेरी ठोकताळा पहिल्या फवारणीची वेळ ठरवायला पुरतो. घडकुजीच्या बोट्रायटिस बुरशीला मात्र वीस अंशांच्या आसपासची हवा आणि पंधरा-एक तास ओला मणी एवढे पुरते. धुक्याच्या प्रदेशात ही अट पावसाचा थेंबही न पडता पूर्ण होते. घडातले मणी एकमेकांना भिडण्याआधी, म्हणजे ते वाटाण्याएवढे असताना फवारणी आत पोचते. नंतर औषध बाहेरच्या मण्यांवरच बसते.

आता काढणी. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब पाहून ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) २१ झाले की तोडा, हे धोरण गरम प्रदेशात कदाचित खपून जाईल. इथे २० ब्रिक्सचे द्राक्ष पिकलेले असू शकते आणि २२ चे कच्चे. नमुना नीट घ्यावा: कडेच्या ओळी व टोकाच्या वेली सोडून, वेलीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले आणि खालचे मिळून २०० मणी, दर वेळी त्याच सुमाराला. पिशवीतच चुरडून रस गाळावा आणि ब्रिक्स, पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता तीव्र) व एकूण आम्ल तिन्ही मोजावे. आम्ल मोजायला १० मिलिलिटर रस घेऊन ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ८.२ येईपर्यंत टायट्रेशन करायचे. जितके मिलिलिटर लागले त्याला ०.७५ ने गुणले की लिटरमागे टार्टारिकच्या हिशेबात ग्रॅम मिळतात. १४.७ मिलिलिटर लागले तर ११ ग्रॅम. आंबत असलेल्या रसाचे मोजमाप करताना त्यातला वायू आधी काढावा, नाहीतर तोही आम्ल म्हणून मोजला जातो. पाऊस पडला तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा नमुना घ्यावा, कारण मणी पाणी ओढून ब्रिक्स खाली येते. बी चावून पाहण्याची सवयही सोडू नये: बी तपकिरी, कुरकुरीत आणि कमी तुरट झाले की लाल वाइनला साल-बियांचा भरवसा येतो.

लेखाशी आमचा खरा मतभेद कुठे आहे ते एका उदाहरणाने सांगतो. शार्डनेचा रस घ्या: ब्रिक्स २०.५, पीएच ३.०२, एकूण आम्ल ११ ग्रॅम, त्यात मॅलिक ५.५. पहिल्या नजरेला हा रस दातांना झिणझिण्या आणणारा, आणि नवखा माणूस लगेच चुनकळी काढतो (कॅल्शियम कार्बोनेटला, म्हणजे खडूच्या भुकटीला, आम्ही हेच म्हणतो; कळीचा चुना नव्हे). त्याने ११ वरून ७ वर यायचे ठरवले तर ४ ग्रॅम कमी करायला लिटरला ०.६७ गुणिले ४, म्हणजे २.७ ग्रॅम चुनकळी लागेल. पण कॅल्शियम कार्बोनेट टार्टारिक खाते, मॅलिकला हात लावत नाही. टार्टारिक जवळजवळ संपते, मॅलिक पूर्ण उरते, आणि ते नंतर जिवाणूंनी खाल्ले की वाइन सपक व पीएचने चढी होते. चवीत खडूही लागतो.

त्याऐवजी पुढचा हिशेब आधी मांडावा. मॅलोलॅक्टिक क्रियेत जिवाणू १ ग्रॅम मॅलिकचे ०.६७ ग्रॅम लॅक्टिक आणि बाकीचा कार्बन डायऑक्साइड करतात. त्यात एकूण आम्ल सुमारे ०.५६ ग्रॅमने उतरते. ५.५ ग्रॅम मॅलिक पूर्ण गेले की ३ ग्रॅम कमी, म्हणजे ११ चे ८ झाले. वाइन आंबताना अल्कोहोल वाढते तसे पोटॅशियम बायटार्ट्रेट स्फटिक होऊन खाली बसते, नंतर टाकी उणे ३-४ अंशांवर दोन आठवडे ठेवली की आणखी बसते. हे मिळून १ ते १.५ ग्रॅम. पोचलो आपण साडेसहा-सातच्या घरात, मोठी ढवळाढवळ न करता. अडचण एकच: पीएच ३.०२ ला ओएनोकोकस ओएनी जिवाणू कामाला लागत नाहीत. त्यांना ३.१५ ते ३.२ च्या पुढे, १८ ते २२ अंश तापमान आणि वाइन टिकवायला घालतात त्या सल्फर डायऑक्साइडचा (पुढे नुसता ‘सल्फर’) मोकळा अंश १० मिलिग्रॅमच्या खाली हवा. म्हणून चुनकळीचे काम इथे आम्ल पाडण्यापेक्षा दार उघडण्यापुरते. लिटरला ०.६७ ते १ ग्रॅम, रसातच, आंबवण्याआधी. कॅल्शियम टार्टरेट फार सावकाश, महिनोन् महिने बसत राहते आणि थंडीने त्याला घाई करता येत नाही. तयार वाइनमध्ये चुनकळी घातली तर ते बाटलीत जाऊन बसते. पावडर थोड्या रसात कालवून टाकीत ओतावी आणि टाकी दोन-तृतीयांशच भरलेली असावी. फेस टाकीवरून उतू जाऊन जमिनीवर आला की मग हे सगळ्यांना पटते.

आम्ल १४-१५ ग्रॅमवर आणि मॅलिक फार चढे असेल तेव्हा जोडक्षाराची पद्धत वापरतात. रसाचा ठरावीक भाग बाजूला घेऊन खास तयार केलेल्या कार्बोनेटच्या पातळ लगद्यात तो हळूहळू ओततात. क्रम उलटला तर पद्धत फसते, कारण पीएच ४.५ च्या वर टिकला तरच टार्टारिक आणि मॅलिक दोघांचा मिळून क्षार खाली बसतो. गाळून तो भाग उरलेल्या रसात परत मिसळायचा.

मॅलोलॅक्टिकमध्ये किनाऱ्यावरच्या तळघरांची ठरलेली फजिती होते. काढणी उशिरा, आंबणे संपेपर्यंत हिवाळा, तळघर १० अंशांवर. जिवाणू झोपतात ते वसंतापर्यंत. तोवर सल्फर घालता येत नाही, कारण तो घातला तर जिवाणू कायमचे मरतात. आणि न घालावा तर वाइन हवेने तपकिरी होते, सिरक्याचे जिवाणू वाढतात. यावर उपाय दोन. अल्कोहोलचे आंबणे संपता संपता वाइन अजून कोमट असतानाच जिवाणू घालावेत, किंवा यीस्ट घातल्यावर २४ ते ४८ तासांनी दोन्ही एकत्र चालू द्यावेत. टाकी उबदार ठेवण्यात कंजुषी करू नये. काम संपले की नाही हे चवीवर सोडू नये; कागदी क्रोमॅटोग्राफीने मॅलिकचा डाग गेलेला दिसला तरी प्रयोगशाळेत ते ०.१ ग्रॅमच्या खाली आहे हे पाहूनच सल्फर घालावा. आल्बारिन्यो, रिसलिंग अशा वाइनमध्ये मॅलिक मुद्दाम राखायचे असेल, तर भरताना ०.४५ मायक्रॉनची गाळणी हवीच. नाहीतर क्रिया बाटलीत सुरू होते, वाइन गढूळ होते आणि बूच उघडताच फसफसते.

पांढऱ्या वाइनच्या बाकीच्या पायऱ्या थोडक्यात. अख्खे घड प्रेसमध्ये, दाब हळूहळू वाढवत. शेवटचा दाबून काढलेला रस वेगळा ठेवावा, त्यात पोटॅशियम आणि तुरटपणा जास्त. रस ८ ते १२ अंशांवर रात्रभर बसू द्यावा आणि १०० ते २०० एनटीयू गढूळपणावर वरचा रस काढावा. काचेसारखा नितळ रस दिसायला छान, पण त्यात यीस्टला लागणारे पोषण राहत नाही आणि आंबणे अडते. यीस्ट हेक्टोलिटरला (१०० लिटरला) २५ ग्रॅम, दहापट पाण्यात, ३७ ते ४० अंशांवर वीस मिनिटे भिजवायचे. पुढच्या टप्प्यावर थंड प्रदेशात घात होतो. टाकीतला रस ९ अंशांचा आणि यीस्टचे पाणी ३५ चे. थेट ओतले तर निम्मे यीस्ट जागीच मरते. थोडा थोडा रस मिसळत फरक १० अंशांच्या आत आणावा, आणि टाकीचा रसही १५ अंशांपर्यंत चढवूनच घालावे, मग पाहिजे तर १३-१४ वर उतरवावे. यीस्टला मिळणारा नायट्रोजन लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पोषण द्यावे, नाहीतर सडक्या अंड्याचा वास येतो. फ्रान्समध्ये लॉयर नदीच्या मुखाशी होणारी मस्काडे वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवतात. त्याने तीक्ष्ण आम्लाला गोलाई येते, आकडा मात्र तसाच राहतो. आम्ल कमी करणे आणि आम्ल कमी भासवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

घडकुजीचा माल आला तर बराचसा क्रम बदलतो. बोट्रायटिस लॅकेज नावाचे विकर सोडते, आणि त्याला नेहमीच्या मात्रेचा सल्फर रोखत नाही. चाचणी साधी: रसात लिटरला ५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड घालून पेला उघडा ठेवावा. दुसऱ्या दिवशी रस तरीही तपकिरी झाला तर लॅकेज आहे. मग पिनो न्वार गार भिजत ठेवण्याचा बेत सोडून द्यावा, निवडपट्टीवर कुजके काढावेत, लगेच आंबवायला घ्यावे, सालीवरचा मुक्काम कमी करावा आणि हवा लागू देऊ नये. निरोगी पिनोला मात्र ३ ते ५ दिवस ८-१० अंशांवर भिजवल्याने रंग आणि सुवास चांगला उतरतो. नंतर टोपी (रसावर तरंगणारा सालींचा थर) दिवसातून दोनदा दाबावी आणि तापमान एकदा तरी २८ ते ३० वर जाऊ द्यावे. अर्ध्या टनाच्या लहान कुंडात थंड तळघरात ते आपसूक चढत नाही. कुंडाला रजई गुंडाळणारे वाइनकार हास्यास्पद वाटतील, पण त्यांच्या वाइनला रंग असतो.

ज्या वर्षी द्राक्ष १८ ब्रिक्सच्या पुढे जातच नाही, त्या वर्षी फेसाळ वाइन करणे शहाणपणाचे. तिच्या पायाला १७ ते १९ ब्रिक्स आणि लिटरला ८ ते १२ ग्रॅम आम्ल हवेच असते. बाटलीतल्या दुसऱ्या आंबण्यासाठी लिटरला २४ ग्रॅम साखर घातली की साधारण ६ बार दाब येतो. इथे साखरेचा काटा अचूक हवा, चूक झाली तर बाटल्या फुटतात.

शेवटी एक दुरुस्ती, ती मात्र कृपया छापावी. लेखासोबतच्या चौकटीत पांढऱ्या वाइनला ‘लिटरला ५० मिलिग्रॅम मोकळा सल्फर डायऑक्साइड आवश्यक’ असे सरसकट दिले आहे. ही गरज पीएचवर ठरते. सूक्ष्मजंतूंपासून राखण करणारा रेणुरूप अंश ०.८ मिलिग्रॅम हवा असे धरले, तर पीएच ३.६ ला खरोखर ५० मिलिग्रॅम लागतो, ३.४ ला ३२, ३.२ ला २१ आणि ३.० ला अवघा १३. म्हणजे ज्या आम्लाशी हंगामभर झुंजावे लागते तेच इथे वाइनची राखण करते. चौकट वाचून कोणी पीएच ३.० च्या आल्बारिन्योत ५० मिलिग्रॅम मोकळा सल्फर ठेवला, तर पेला नाकाजवळ नेताच जळक्या काडेपेटीचा भपका येईल. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये सल्फर डायऑक्साइड सुमारे ५७ टक्केच असतो, हेही चौकटीत राहून गेले आहे: १०० लिटर वाइनमध्ये २० मिलिग्रॅमने वाढ हवी असेल तर पावडर २ ग्रॅम घालून भागत नाही, ३.५ ग्रॅम लागते, आणि त्यातला काही भाग वाइनमध्ये बांधला जाऊन मोकळा राहत नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा मोजावे लागते.

आपला नम्र,
एक वाचक